कासवाची ऊब आणि लाईट बिल

पिंपरी-चिंचवडची थंडी रात्रीची असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी अठ्ठावीस-तिशीला टेकतो. १७ जानेवारी १९३५ला पुण्यात १.७ अंश नोंदले गेले होते. तेवढी थंडी आता पडत नाही, पण पहाट आणि दुपार यांच्यातलं अंतर तसंच मोठं आहे. माणूस स्वेटर चढवतो, उतरवतो. कासव अंगात पुरेशी उष्णता तयार करत नाही, ती बाहेरून घेतं. हे रोजचे अठरा-वीस अंश त्याला शरीरावर झेलावे लागतात. ते फ्लॅटमधल्या काचेच्या टाकीत असलं, तर झेलायची साधनंही त्याच्याजवळ उरत नाहीत.

माझे मामा चाकणच्या एका कारखान्यात युटिलिटी विभाग सांभाळतात. बॉयलर, कॉम्प्रेसर, पेंट शॉपच्या भट्ट्या, सगळ्यांचा वीज आणि गॅसचा हिशेब त्यांच्याकडे असतो. ताई पशुवैद्य आहे. मोशीतल्या एका जोडप्याचं सुलकाटा जातीचं कासव दिवाळीनंतर खाईनासं झालं म्हणून ते तिच्याकडे घेऊन आले. तिनं रात्रीच्या उबेची सोय करायला सांगितलं. महिन्याभरानं ते पुन्हा आले तेव्हा कासव खात होतं आणि तक्रार लाईट बिलाची होती. ताईनं हे घरी सांगितलं आणि मामांशी तिची जुंपली. इथं दोघांचं बोलणं देतो आहे, मधे जिथं राहवलं नाही तिथं माझं.

मामा : एका कासवाला महिन्याला बहात्तर युनिट? भोसरीच्या चाळीत अख्खं कुटुंब शंभर युनिटांत महिना काढतं. फ्रिज, टीव्ही, पंखा, पोरांच्या अभ्यासाचा दिवा, सगळं त्यात. शंभराच्या वर गेलं की दर जवळपास दुप्पट होतो, म्हणून त्या घरातली बाई मीटरकडे बघून इस्त्री करते. आणि इथं एक प्राणी नुसता बसून बहात्तर युनिट घेतो.

ताई : शंभर वॅटचा दिवा चोवीस तास जाळला की दिवसाचे २.४ आणि महिन्याचे बहात्तर होतात, हिशेब बरोबर आहे. पण चोवीस तास जाळा असं मी सांगितलंच नव्हतं. रात्रीसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर आणि त्याला थर्मोस्टॅट, एवढंच सांगितलं होतं. त्यांनी थर्मोस्टॅटचे पैसे वाचवले आणि लाल बल्ब आणून तो सदा चालू ठेवला.

मामा : म्हणजे सुरुवातीचे हजार-दीड हजार वाचवले आणि थोड्याच महिन्यांत त्याहून जास्त घालवायची सोय केली. आमच्याकडेही हेच चालतं. पण माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. ही ऊब लागते तरी का? कच्छात नलियाला थंडीत पारा पाच-सहावर येतो. त्या मुलखात स्टार कासवं राहतात ना? तिथं त्यांना हीटर कोण लावतं?

ताई : प्रश्न चांगला आहे. तिथलं कासव गवताच्या गड्ड्यात किंवा झुडपाच्या मुळाशी घुसून बसतं. हवा कोरडी असते. सकाळी ऊन आलं की ते बाहेर येतं, पाठ तापवतं, मग खातं. थंडी जास्त असेल तर खाणंच कमी करतं. कुठं बसायचं, कधी निघायचं, हे त्याचं तेच ठरवतं. सुलकाटा तर सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातलं. ते जमिनीत दोन-तीन मीटर खोल बीळ खणतं.

मामा : तेवढ्या खोलीवर दिवस-रात्रीचा फरक पोचतच नाही. जितकं खाली जावं तितकी माती वर्षाच्या सरासरी तापमानाच्या जवळ जाते.

ताई : मग तुम्हीच सांगा, बाराव्या मजल्यावर ते बीळ कुठं खणणार? काचेची टाकी, वरून उघडी, खाली ओलसर काथ्या. थंड आणि ओलं एकत्र आलं की फुफ्फुसं धरतात. माझ्याकडे आणतात तेव्हा नाकपुडीवर बुडबुडा असतो, मान लांबवून, तोंड उघडून श्वास चाललेला असतो. कासवाला आपल्यासारखं खोकता येत नाही, त्यामुळं साचलेलं बाहेर पडत नाही. आणि पोटाचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. गवत-पाला पचतो तो आतड्यातल्या जिवाणूंमुळं आणि त्या जिवाणूंना उष्णता लागते. पोटभर खाल्लं आणि रात्री शरीर बारा अंशांवर आलं की तो पाला पचत नाही, आतच कुजतो. घरचे म्हणतात, थंडी आहे, झोपलंय.

मामा : झोपतात ना पण कासवं? मी व्हिडिओत पाहिलंय, विलायतेत लोक त्यांना चक्क फ्रिजमध्ये ठेवतात.

ताई : ठेवतात, पाच अंशांच्या आसपास, वजन करून आणि पोट रिकामं झाल्यावर. पण ती कासवं भूमध्य समुद्राकडची आणि मध्य आशियातली. ती थंडीत खरोखरच महिनोन् महिने झोपतात. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट यांनी टिमथी नावाच्या कासवाचं जमिनीत स्वतःला पुरून घेणं लिहून ठेवलंय, तेही त्याच जातीकुळीतलं. स्टार आणि सुलकाटा अशी झोप घेतच नाहीत. त्यांना त्या पद्धतीनं ठेवलं तर ती उठत नाहीत. इंटरनेटवर सगळी कासवं सारखी दिसतात आणि मग इथं कुणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र घालून कासवाला ‘झोपवतो’.

ताईच्या या बोलण्यावर मामा थोडे थांबले. त्यांचा आक्षेप कासवावर नव्हता, उधळपट्टीवर होता, हे मला तेव्हा कळलं. वहीचं पान फाडून त्यांनी खोक्याचं चित्र काढलं. पुढचा अर्धा तास मला या सगळ्या वादात सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून तो सविस्तर देतो.

मामा : रात्रीचं घर धरू चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. सहा बाजू मिळून साधारण ३.७ चौरस मीटर. बाल्कनीत पहाटे दहा अंश, आत तुला बावीस हवेत. फरक बाराचा. नुसतं बारा एमएमचं प्लायवुड असेल तर तेवढी ऊब टिकवायला १३०-१३५ वॅट सतत लागतील. रात्रीचे दहा तास धर, १.३५ युनिट. महिन्याला चाळीस. आता त्याच खोक्याला सहाही बाजूंनी पन्नास एमएम थर्मोकोल लाव. गळती पंचवीस वॅटवर येते. महिन्याला आठ युनिट. युनिटमागं सगळे आकार आणि वीज शुल्क धरून बारा रुपये मोजले, तर चारशे ऐंशीचे शहाण्णव होतात.

ताई : आणि काचेची उघडी टाकी असेल तर?

मामा : तिचा हिशेब काय करायचा? झाकणच नाही म्हटल्यावर गरम हवा वर निघून जाणार. ते म्हणजे भट्टीचं दार उघडं टाकून बर्नर वाढवणं. आमच्याकडे पेंट शॉपच्या भट्टीला रॉकवूल असतं. त्यात एका जागी ओल शिरली तरी महिन्याच्या गॅसमध्ये दिसतं. उष्णता तयार करणं महाग असतं, राखणं स्वस्त. लोक हीटर विकत घेतात आणि खोकं फुकट शोधतात, तिथंच सगळं बिघडतं.

ताई : थर्मोकोल मात्र उघडा ठेवायचा नाही. कासव तो कुरतडतं. एक्स-रेत ते दाणे दिसत नाहीत, पण आतडं तुंबलेलं दिसतं. आतून प्लायचं अस्तर हवंच.

मामा : अस्तराचं माझंही कारण आहे, तुझ्यापेक्षा मोठं. थर्मोकोल शंभर अंशांच्या आतच मऊ पडतो आणि पेटतो. तुझ्या सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग दोनशेच्या वर जातो. त्याच्याभोवती जाळी हवी, वरच्या बाजूला सिमेंट शीटचा तुकडा हवा, होल्डर पोर्सेलिनचा हवा. प्लास्टिकचा वितळतो. आणि लाईन शॉकपासून वाचवणाऱ्या आरसीसीबी स्विचवर. त्यापेक्षा कमी तापणारी पॅनेलसारखी हीटिंग प्लेट बाजूच्या भिंतीला लावली तर बरं. गळती पंचवीस वॅटची असताना शंभर वॅटचा हीटर हवाच कशाला? चाळीसचा पुरे.

ताई : थर्मोस्टॅटचा सेन्सर कासवाच्या पाठीच्या उंचीवर हवा. छताजवळ लावला तर तिथं बावीस होतात आणि खाली सोळा.

मामा : हे मला सुचलं नसतं. बरोबर आहे, गरम हवा वरच राहते.

ताई : आणि दारात हवेला फट ठेवा. पूर्ण बंद केलं की आत दमटपणा साचतो.

मामा : तळाशी एक भोक, वर दुसरं, दोन्ही लहान. गळती थोडी वाढेल, वाढू दे.

दोघं एकमेकांचं ऐकू लागले की असं होतं. पण त्यामुळं मूळ भांडण मिटलं नाही, ते दिवसाकडे सरकलं.

मामा : रात्रीचं जमलं. आता दिवसा दिवा का? इथं डिसेंबरात आभाळ कोरडं असतं. दहा वाजता गच्चीवर उभं राहवत नाही. हे ऊन सोडून यूव्हीबीची ट्यूब आणि वर तापवायचा बल्ब, हे मला उधळपट्टीच वाटते.

ताई : मलाही वाटते. पण मोशीच्या त्या फ्लॅटला ऊन येतं ते सरकत्या काचेतून. खिडकीच्या काचेतून प्रकाश आणि उष्णता येते, यूव्हीबी जवळजवळ येत नाही. त्याशिवाय त्वचेत ड-जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि पाठ मऊ पडते. कासव उबदार असतं, चरतं, वाढतं आणि तरी कवच बोटानं दाबलं की दबतं. म्हणून मी सांगितलं, रोज गच्चीवर न्या. ते म्हणाले, सोसायटीत गच्चीला कुलूप असतं. दोघांच्या शिफ्टा. म्हणून ट्यूब.

मामा : म्हणजे ते वीज जाळतात ती कुलपासाठी.

ताई : कुलपासाठी, शिफ्टसाठी आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीसाठी. हे सगळं प्राणी आणायच्या आधी दिसत होतं. गच्चीवर नेलं तरी नुसतं टबात ठेवून चालत नाही. टबातून ते सावलीकडे जाऊ शकत नाही आणि तासाभरात तापून मरतं. अर्धी जागा सावलीची हवीच.

मामा : दिवसा वीज वापरायचीच असेल तर आता स्मार्ट मीटरवाल्यांना नऊ ते पाच थोडी स्वस्त पडते.

ताई : आणि त्याच वेळेत ऊन फुकट असतं.

गुरुवारचा मुद्दाही निघाला. इथं गुरुवार हा कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस आणि महावितरणच्या देखभालीचाही. मामांना वाटलं, वीज गेली की कासव गारठेल. ताई म्हणाली, गुरुवारचा बंद दिवसाचा असतो, त्याची काळजी नाही. काळजी असते ती रात्री दोनला फीडर गेल्याची. पन्नास एमएम थर्मोकोल असेल तर खोकं हळूहळू थंड होतं, वर गोधडी टाकून, गरम पाण्याच्या दोन पिशव्या कापडात गुंडाळून आत ठेवल्या की सकाळ गाठता येते. काचेच्या टाकीत ती मुदत मिळत नाही.

मग मामांनी तो प्रश्न काढला जो मला सगळ्यात अवघड वाटतो.

मामा : चाकणला रात्रपाळीला जाताना बघ. गेटागेटावर ठेकेदाराचे वॉचमन पुठ्ठे आणि तुटक्या पॅलेटच्या फळ्या पेटवून बसलेले असतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली पोरं. पत्र्याची केबिन, दाराला फट, आत एक प्लास्टिकची खुर्ची. त्याच रस्त्यावरच्या टॉवरमध्ये एक कासव बावीस अंशांत झोपतं. मी हिशेबाचा माणूस आहे, मला या दोन आकड्यांची बेरीज करता येत नाही.

ताई : ते दोन आकडे एका वहीतले नाहीत, मामा. त्या पोराची थंडी कासवानं आणलेली नाही. त्या केबिनला चार पत्रे आणि आतून थर्मोकोल लावायला ठेकेदाराला किती येईल, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? कासवाचा हीटर बंद केला म्हणून ती केबिन गरम होणार नाही. सोसायटीच्या दर्शनी भागावर रात्रभर दिवे जळतात, त्यावर कुणी बोलत नाही. गिझर वीस मिनिटं उगाच चालू राहिला तर दोन किलोवॅटच्या हिशेबानं ०.६७ युनिट गेलं. तुमच्याच खोक्यातली ती दोन रात्रींहून जास्त ऊब आहे.

मामा : गिझरची चूक दाखवून कासवाचं समर्थन होत नाही.

ताई : समर्थन करतच नाही. मी एवढंच म्हणते, काटकसर करायची तर सगळ्यात दुबळ्यापासून सुरुवात करू नका. त्या घरात स्वतः दिव्याचं बटण दाबता न येणारा तो एकटाच जीव आहे.

इथं मी ताईच्या बाजूचा आहे. थंडी वाटून घेण्याची भाषा नेहमी ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर येऊन थांबते. पण मामांचा प्रश्न चुकीचा नाही, तो विचारला गेलाय चुकीच्या दारात. तो ठेकेदाराला विचारायला हवा आणि मामा त्या कारखान्यात अशा जागी आहेत की त्यांना तो विचारता येईल. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, केबिनचं मोजमाप सोमवारी घेतो.

मग बोलणं स्टार कासवावर आलं. ते येणारच होतं, कारण पिंपरी-चिंचवडमध्ये कासव पाळलंय असं कुणी दबक्या आवाजात सांगितलं तर बहुतेक वेळा ते स्टारच असतं.

ताई : सुलकाटाबद्दल आपण खर्चाचं बोलू शकतो, कारण ते परदेशी आहे आणि नोंदणी करून ठेवता येतं. २०२४च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची माहिती परिवेश पोर्टलवर द्यावी लागते. स्टार कासवाबद्दल खर्चाचा प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २०२२च्या दुरुस्तीनं स्टार कासव अनुसूची १मध्ये गेलं, १ एप्रिल २०२३पासून ते लागू आहे. वाघाला जे संरक्षण तेच त्याला. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. २०१९च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याचा जगभरचा व्यापारही बंद केला गेला आणि तो प्रस्ताव मांडणाऱ्यांत आपला देश होता.

मामा : आणि तरी लोक आणतात. आमच्या लाईनवरच्या एका पोरानं सांगितलं होतं, कासव घरात असलं की पैसा टिकतो.

ताई : कासव आपल्या देवळात आहे, सभामंडपात गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेलं. जेजुरीला पायऱ्या चढून गेलं की पितळी पत्र्यानं मढवलेलं केवढं तरी कासव आहे, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. पूजायला ते आहे. जिवंत कासव पोत्यात भरून, पायांना चिकटपट्टी लावून आणलं जातं. त्यातली कित्येक वाटेतच मरतात. जी पोचतात त्यांना काकडी आणि टोमॅटो खाऊ घालतात आणि हिवाळ्यात फरशीवर सोडतात. उघड डॉक्टरकडे नेता येत नाही म्हणून शेवटच्या टप्प्यावर आणतात आणि विचारतात, मॅडम, नाव लिहायचं नाही ना?

मामा : मग तू काय करतेस?

ताई : आधी गरम करते. एकदम नाही, तासातासानं दोन-तीन अंश. मग सांगते की वन विभागाला कळवायचं. १९२६ हा त्यांचा क्रमांक आहे. बावधनला वन विभाग आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, तिथं अशी कासवं जातात. आणि तुमच्या बिलाचा प्रश्न तिथं पुन्हा येतो. एका घरानं पैसा टिकावा म्हणून आणलेलं कासव पुढं कितीतरी हिवाळे दुसऱ्याच्या विजेवर जगतं. त्याला जंगलात परत सोडायचं तर आधी रोग तपासावे लागतात, ते मुळात कुठल्या भागातलं हे पाहावं लागतं. कच्छातलं आणि तमिळनाडूतलं कासव एकाच माळावर सोडून चालत नाही.

मामा : यात मी तुझ्याबरोबर आहे. पण मग दुकानातल्या त्या हिरव्या पिल्लांचं काय? नाण्याएवढी असतात, कानाजवळ लाल पट्टा.

ताई : रेड इअर्ड स्लायडर. अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. पाण्यात राहतं, म्हणून हिवाळ्यात पाणी तापवावं लागतं. पंचवीस अंशांवर ठेवायचं, पिलू असेल तर जास्तच. पहिल्या वर्षी लहान टाकीला पन्नास वॅटचा हीटर पुरतो. पाच वर्षांत ते ताटलीएवढं होतं, टाकी दीडशे-दोनशे लिटरची लागते आणि पाण्याला वास येतो. मग एका रविवारी ते पवनेत किंवा इंद्रायणीत सोडलं जातं. सोडणाऱ्याला वाटतं, मुक्त केलं. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक जातींच्या यादीत ते आहे. युरोपीय संघानं १९९७मध्येच त्याची आयात थांबवली. आपल्या नदीतल्या मऊ पाठीच्या कासवाची ऊन खायची जागा आणि खाणं ते घेतं. आणि आपला हिवाळा त्याला मारण्याइतका कडक नाही.

मामा : म्हणजे घरात आपण त्याच्या उबेला पैसे मोजतो आणि नदीत ते बिनहीटरचं जगतं?

ताई : मोठं झालेलं जगतं. पिल्लं घरात मरतात, पाणी गार, वर बसायला कोरडी जागा नाही, ऊन नाही. दुकानदार सांगत नाही, कारण पिलू स्वस्त असतं आणि त्याच्या टाकीचा, फिल्टरचा, हीटरचा खर्च ऐकला तर कुणी घेणार नाही.

मला वाटतं, बिलाची चर्चा दुकानाच्या काउंटरवर व्हायला हवी. ट्रॅक्टर घेताना शेतकरी डिझेलचा हिशेब मांडतो. प्राणी घेताना मात्र आपण फक्त त्याची किंमत विचारतो.

मामा : सुलकाटा किती मोठं होतं?

ताई : नर पाऊण मीटरपर्यंत, वजन चाळीस-पन्नास किलो, कधी त्याहून जास्त. सत्तर वर्षं सहज जगतं.

मामांनी पान उलटलं आणि पुन्हा आकडे मांडले.

मामा : मग माझं चार फुटांचं खोकं दहा वर्षांत संपलं. ते जोडपं बहुधा टेरेसवर खोली बांधेल. दहा बाय दहाची नुसत्या विटांची खोली दहा अंशांनी उबदार ठेवायला किलोवॅटच्या आसपास लागतं. रात्रीला दहा युनिट, महिन्याला तीनशे. घराचं बिल थेट वरच्या टप्प्यात. त्याऐवजी सहा बाय चारचं, तीन फूट उंच, झोपण्यापुरतं घर, दाराला जाड रबरी पट्ट्यांचा पडदा. आमच्याकडे कोल्ड रूमला लावतात तसा. ते शंभर वॅटच्या आत बसेल.

ताई : पट्ट्या ढकलून ते स्वतः आत-बाहेर करतं, शिकतं ते. पण वजनासाठी जमिनीलगतचं घर हवं, फ्लॅट नको. म्हाळुंगे-शेलपिंपळगावकडे कुणाचं अंगण असेल, तिथं बीळ खणू दिलं तर हीटर जेमतेम लागेल.

मामा : आणि सत्तर वर्षं म्हणजे ते जोडपं गेल्यावरही तीस-एक वर्षं. त्या हिवाळ्यांचं बिल कोण भरणार? मी त्यांना हे विचारलं असतं. तू विचारलंस?

ताई : विचारलं. त्यांना मूल नाही, भाचा आहे, तो बारावीत. मी म्हटलं, त्याला आत्ताच विचारा, नोंदणीच्या कागदांत पुढं कुणाच्या नावावर करायचं ते ठरवून ठेवा, आणि तो नाही म्हणाला तर आत्ताच, ते पाच किलोचं असताना, दुसरं घर शोधा. पन्नास किलोचं झाल्यावर कुणी घेत नाही.

मामा : भाचा हो म्हणाला?

ताई : अजून विचारलेलं नाही त्यांनी. पुढच्या तपासणीला त्याला बरोबर आणा म्हणून सांगितलंय.

मामा : त्या दिवशी मलाही बोलव. खोक्याचं मोजमाप त्यांच्यासमोर घेऊ. थर्मोकोलच्या शीट पॅकिंगमधून निघालेल्या मिळतील, अस्तराला प्लाय नवं घेऊ. पॅलेटचं पाइन लाकूड चालेल का?

ताई : बाहेरच्या चौकटीला चालेल. आत नको, त्याच्या राळेचा वास त्यांना सोसत नाही.